स्वादुपिंडाचा तीव्र दाह: आजार किती गंभीर आहे हे रक्तचाचण्यांवरून कसे ओळखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या भावाच्या पोटात वरच्या बाजूस असह्य कळा येऊन उलट्या सुरू झाल्या, त्याला रुग्णालयात दाखल केले आणि स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे, म्हणजे अ‍ॅक्यूट पॅन्क्रिएटायटिसचे, निदान झाले. दाखल होताना लायपेज ३,२०० होते आणि दुसऱ्या दिवशी ते ९५० वर आल्याने घरच्यांना हायसे वाटले. डॉक्टर मात्र अजून दोन दिवस काही निश्चित सांगता येणार नाही असे म्हणतात, लायपेज पुन्हा तपासण्याची गरज नाही असे सांगतात आणि युरिया, क्रिएटिनिन व हिमॅटोक्रिट या चाचण्या पुन्हा पुन्हा करत आहेत. पहिल्या चोवीस तासांत युरिया ३८ वरून ५२ झाला आणि हिमॅटोक्रिट ४७ वरून ४६ वर आले. मग आजार उताराला लागला आहे की नाही, आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याच्या प्रकृतीविषयी निर्णय देणे योग्य नाही, आणि तो मी देत नाही. परंतु आपण दिलेल्या आकड्यांचा अर्थ सांगता येतो. लायपेज उतरले ही गोष्ट आजार सौम्य असल्याचा पुरावा नाही. युरिया चढला ही गोष्ट मात्र काळजीपूर्वक लक्ष ठेवण्याचे कारण आहे. आपल्या डॉक्टरांचे धोरण मला बरोबर वाटते.

अ‍ॅमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडात तयार होणारी पाचक विकरे आहेत. ग्रंथीच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात मिसळतात. वैशिष्ट्यपूर्ण पोटदुखी, यांपैकी एका विकराची पातळी सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआयवर दिसणारे बदल, या तिन्हींपैकी दोन गोष्टी आढळल्या की निदान पक्के होते. लायपेजचे काम तिथे संपते. पातळी तिप्पट आहे की तीसपट, यावरून पुढील आठवडा कसा जाईल हे कळत नाही. पित्ताशयातील लहानसा खडा नलिकेत क्षणभर अडकून पुढे सरकला तर लायपेज काही हजारांवर जाते आणि तो रुग्ण चार दिवसांत घरी जातो. याउलट दीर्घकाळ मद्यपान करणाऱ्या रुग्णाचे स्वादुपिंड आधीच क्षीण झालेले असल्याने त्याचे आकडे बेताचेच वाढतात आणि तरीही तो अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो. रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असेल तर अ‍ॅमायलेजची मोजणीच चुकते आणि ते चक्क सामान्य दिसू शकते. शिवाय अ‍ॅमायलेज तीन ते पाच दिवसांत आणि लायपेज एक ते दोन आठवड्यांत आपोआपच उतरते. रुग्ण सुधारत असो वा खालावत असो, हा उतार होतच राहतो. म्हणूनच निदान झाल्यावर ही चाचणी रोज करण्यात रुग्णाचे रक्त आणि पैसा जातो, माहिती मात्र मिळत नाही. नातेवाइकांच्या मनात या आकड्याने जी आशा किंवा भीती निर्माण होते, ती दोन्ही निराधार असते, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आता गंभीरता म्हणजे नेमके काय हे पाहू, कारण ते ठरल्याशिवाय ती कशाने मोजायची हे ठरत नाही. २०१२ मध्ये सुधारित अटलांटा वर्गीकरण प्रसिद्ध झाले आणि तेच आज सर्वत्र वापरले जाते. त्यानुसार कोणताही अवयव निकामी झाला नाही आणि स्वादुपिंडाभोवती कोणतीही गुंतागुंत झाली नाही तर आजार सौम्य. अवयवाचे कार्य बिघडले पण ४८ तासांच्या आत सावरले, किंवा स्वादुपिंडाचा काही भाग मृत होणे अथवा त्याभोवती द्रव साचणे अशी स्थानिक गुंतागुंत झाली, तर मध्यम गंभीर. आणि अवयवाचे कार्य ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेलेच राहिले तर गंभीर. येथे अवयव म्हणजे प्रामुख्याने फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्ताभिसरण संस्था. सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार सौम्य राहतो. ज्यांचे अवयव ४८ तासांनंतरही सावरत नाहीत, त्यांच्यापैकी साधारण एकतृतीयांश रुग्ण दगावतात. डॉक्टर दोन दिवस थांबायला सांगतात त्यामागे ही व्याख्या आहे: पहिल्या दिवशी कोणालाही ‘गंभीर’ ठरवता येत नाही, फक्त कोणाला धोका अधिक आहे याचा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज बांधण्यासाठी आजाराची चाल समजून घ्यावी लागते. दाह सुरू झाला की शरीराची प्रतिक्रिया स्वादुपिंडापुरती मर्यादित राहत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातील पाणी उदरपोकळीत, आतड्यांच्या भिंतींत आणि ग्रंथीमागच्या ऊतींमध्ये झिरपू लागते. उलट्यांनी आणि उपवासाने त्यात भर पडते. रक्त घट्ट होते, मूत्रपिंडांना आणि खुद्द स्वादुपिंडाला होणारा पुरवठा कमी पडतो आणि आधीच दुखावलेल्या ग्रंथीचे भाग मृत होण्याची शक्यता वाढते. पहिल्या दोन दिवसांतील उपयुक्त रक्तचाचण्या जवळजवळ सगळ्या या एकाच प्रक्रियेचे मोजमाप करतात.

त्यांत मी सर्वाधिक महत्त्व युरियाला देतो. ही चाचणी साधी आणि स्वस्त आहे, कोणत्याही प्रयोगशाळेत होते आणि तासाभरात उत्तर देते. रक्तातील द्रव कमी झाला, मूत्रपिंडांचा पुरवठा घटला किंवा शरीरातील प्रथिनांचे विघटन वाढले, तर तिन्ही कारणांनी युरिया चढतो. म्हणजे आजाराच्या तीन वेगवेगळ्या अंगांची बेरीज एका आकड्यात मिळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे दिसले की, दाखल होताना बीयूएन, म्हणजे रक्तातील युरिया नायट्रोजन, २० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असणे आणि पुढील २४ तासांत त्यात कितीही वाढ होणे, या दोन्ही गोष्टींचा मृत्यूच्या वाढत्या धोक्याशी स्वतंत्र संबंध आहे. ‘कितीही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण सलाईन मिळत असताना युरिया उतरायला हवा. तो न उतरता चढला, तर दिलेला द्रव पुरेसा ठरत नाही किंवा मूत्रपिंडे त्रासात आहेत असा त्याचा अर्थ होतो.

येथे एका घोटाळ्यापासून सावध राहावे. काही प्रयोगशाळा युरिया देतात, काही बीयूएन देतात, आणि हे दोन वेगळे आकडे आहेत. बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. म्हणजे बीयूएन २० ही मर्यादा युरियामध्ये सुमारे ४३ होते. आपल्या भावाचा युरिया ३८ होता, म्हणजे बीयूएन साधारण १८, मर्यादेच्या किंचित खाली. तो ५२ झाला, म्हणजे बीयूएन २४ च्या आसपास. पहिला आकडा दिलासा देणारा होता. दुसऱ्याने तो दिलासा काढून घेतला. अर्थात रुग्णाला आधीपासून मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा जठरात रक्तस्राव झाला असेल, तर युरिया वेगळ्या कारणानेही वाढतो, आणि ते तपासणाऱ्या डॉक्टरांनीच पाहायचे असते.

हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींचे शेकडा प्रमाण. द्रव झिरपून गेला की ते वाढते. दाखल होताना ४४ किंवा त्याहून अधिक असलेले हिमॅटोक्रिट २४ तासांत खाली आले नाही, तर स्वादुपिंडाचा भाग मृत होण्याचा धोका अधिक मानला जातो. खरे तर या चाचणीची ताकद उलट बाजूस आहे: हिमॅटोक्रिट सुरुवातीपासून सामान्य असेल तर मोठ्या प्रमाणात ऊतिनाश होण्याची शक्यता कमी असते. मात्र ज्याला आधीच रक्तक्षय आहे त्याचे ४० हेसुद्धा त्याच्यासाठी घट्ट रक्त असू शकते, म्हणून जुना अहवाल उपलब्ध असेल तर तो डॉक्टरांना अवश्य दाखवावा. आपल्या भावाचे ४७ वरून ४६ झाले. हा बदल इतका लहान आहे की त्याला उतार म्हणणे कठीण आहे, आणि युरियाच्या चढासोबत वाचल्यास दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात.

यावरून साहजिकच मनात येते की भरपूर सलाईन देऊन हे आकडे खाली आणावेत. अनेक वर्षे आम्ही वैद्यकीय व्यावसायिकही असेच मानत होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ नावाच्या चाचणीत मात्र वेगाने भरपूर द्रव देणे आणि बेताने द्रव देणे यांची तुलना केली गेली. वेगाने द्रव दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांच्या शरीरात द्रवाचा अतिरेक झाला, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ६.३ टक्के होते. आजाराचे गंभीर होणे मात्र अधिक द्रवाने कमी झाले नाही, आणि म्हणून ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. तेव्हा युरिया व हिमॅटोक्रिट हे द्रवाचा वेग ठरवण्यासाठी मदत करणारे आकडे आहेत, कसेही करून गाठायची उद्दिष्टे नव्हेत. लघवीचे प्रमाण, नाडी, रक्तदाब आणि श्वासाचा वेग यांच्यासोबतच ते वाचायचे असतात. नातेवाइकांनी ‘सलाईन वाढवा’ असा आग्रह धरू नये हे मी मुद्दाम सांगतो, कारण फुप्फुसांत पाणी साचणे ही या आजारात लहान गोष्ट नाही.

क्रिएटिनिन युरियापेक्षा उशिरा हलते, पण जेव्हा हलते तेव्हा त्याचा अर्थ अधिक जड असतो. १.९ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक क्रिएटिनिन हे अटलांटा वर्गीकरणाच्या हिशेबाने मूत्रपिंड निकामी झाल्याचे लक्षण आहे. म्हणजे युरिया धोक्याची चाहूल देतो आणि क्रिएटिनिन धोका प्रत्यक्षात आल्याचे सांगते. आपण क्रिएटिनिनचा आकडा कळवलेला नाही. तो सामान्य असेल आणि लघवी नीट होत असेल, तर युरियाची वाढ बऱ्याच अंशी द्रवाच्या कमतरतेमुळे असू शकते आणि ती भरून निघण्यासारखी असते.

सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, हे दाहाच्या संदेशांना प्रतिसाद म्हणून यकृत तयार करते. या संदेशांपैकी इंटरल्युकिन-६ पहिल्याच दिवशी वाढते, परंतु त्याची चाचणी सर्वत्र होत नाही. सीआरपीला शिखर गाठायला मात्र दुखणे सुरू झाल्यापासून ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून दाखल होताना केलेली सीआरपी सामान्य आली तरी ती निरर्थक असते. ४८ तासांनी ती प्रति लिटर १५० मि.ग्रॅ.हून अधिक असेल तर आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता वाढते. येथेही एककाकडे लक्ष द्यावे: काही अहवाल प्रति डेसिलिटर असतात आणि त्यांत हीच मर्यादा १५ असते. सीआरपी स्वादुपिंडापुरती नाही. पित्तमार्गाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग तिला तितकीच वाढवतो. माझ्या मते एकट्या सीआरपीवरून सीटी स्कॅनचा किंवा प्रतिजैविकांचा निर्णय घेऊ नये, पण ४८ तासांची सीआरपी कमी आली तर तो खरोखरीचा दिलासा असतो.

आणखी एक गोष्ट या सगळ्या आकड्यांना लागू आहे. तास मोजायचे ते दुखणे सुरू झाल्यापासून, रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे. घरी दीड दिवस वेदनाशामक घेऊन काढलेल्या रुग्णाचा ‘पहिला’ अहवाल हा आजाराच्या दुसऱ्या दिवसाचा असतो, आणि त्याचा अर्थ तसाच लावावा लागतो. दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले हे डॉक्टरांना अचूक सांगा. कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा ही माहिती कधीकधी जास्त उपयोगी पडते.

कॅल्शियम कमी होणे हे जुने आणि विश्वासार्ह चिन्ह आहे. सुटे झालेले मेदाम्ल कॅल्शियमला बांधून घेते. पण रक्तातील अल्ब्युमिन उतरले तरी एकूण कॅल्शियम कमी दिसते, म्हणून अल्ब्युमिनसाठी दुरुस्त केलेला किंवा आयनीकृत कॅल्शियमचा आकडा पाहावा. रक्तशर्करा, पांढऱ्या पेशी आणि एलडीएच (पेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर) यांची वाढही दाहाची व्याप्ती सांगते, परंतु एकेकटी पाहिल्यास त्यांतून फारसे हाती लागत नाही.

रक्तवायू चाचणीचे तसे नाही. धमनीतून रक्त घ्यावे लागत असल्याने ती रुग्णाला थोडी त्रासदायक वाटते, परंतु ज्याचा श्वास जलद चालला आहे किंवा बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन उतरतो आहे त्याच्यासाठी ती टाळू नये. फुप्फुसे हा या आजारात लवकर आणि वारंवार बिघडणारा अवयव आहे. त्याच नमुन्यातून रक्ताची आम्लता आणि लॅक्टेट कळते, आणि लॅक्टेट चढत असेल तर ऊतींना पुरेसा रक्तपुरवठा होत नाही हे रक्तदाब कोसळण्याआधीच समजू शकते.

हे सर्व आकडे एकत्र करून गुण देण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील शल्यचिकित्सक जॉन रॅन्सन यांनी ११ निकष मांडले. पाच दाखल होताना आणि सहा पुढील ४८ तासांत पाहायचे. त्या काळी ते मोठे पाऊल होते, पण गुणसंख्या पूर्ण होईपर्यंत दोन दिवस उलटून जातात हा त्याचा दोष राहिला. २००८ मधील ‘बायसॅप’ पद्धतीत पाचच गोष्टी आहेत: बीयूएन २५ हून अधिक, शुद्धीत किंवा बोलण्यात बदल, शरीरव्यापी दाहाची लक्षणे, वय ६० हून अधिक आणि फुप्फुसाभोवती पाणी. पहिल्या २४ तासांत तीन किंवा अधिक गुण झाले तर मृत्यूचा धोका ठळकपणे वाढतो. उलट बाजूने विचार करणारी ‘हॅप्स’ ही पद्धत मला व्यवहारात फार आवडते. पोट कडक झालेले नसणे, हिमॅटोक्रिट सामान्य असणे आणि क्रिएटिनिन २ च्या आत असणे, या तीन गोष्टी दाखल होताना जुळल्या तर आजार सौम्य राहील असे बऱ्याच खात्रीने सांगता येते. आपल्या भावाचे हिमॅटोक्रिट पुरुषांसाठीच्या ४३ या मर्यादेहून अधिक असल्याने ही खात्री त्यांच्या बाबतीत देता आली नाही. याचा अर्थ आजार गंभीरच होणार असा मात्र मुळीच होत नाही. या सर्व पद्धती धोका नसलेल्यांना ओळखण्यात चांगल्या आणि धोका असलेल्यांना नेमके हेरण्यात बेताच्या आहेत. ज्यांना त्या धोक्याच्या गटात टाकतात त्यांपैकी अनेकजण गंभीर न होता बरे होतात.

अहवालात काही आकडे असे असतात जे गंभीरतेविषयी नसून कारणाविषयी असतात, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एसजीपीटी हे यकृताचे विकर १५० च्या वर असेल तर कारण बहुधा पित्तखडा आहे. बिलिरुबिन चढत असेल आणि सोबत ताप असेल तर पित्तमार्गात संसर्ग झाला आहे का हे तातडीने पाहावे लागते, कारण तिथे दुर्बिणीने मार्ग मोकळा करण्यात विलंब चालत नाही. ट्रायग्लिसराइड १,००० मि.ग्रॅ.हून अधिक असेल तर तेच कारण असू शकते, पण उपवासात ते झपाट्याने उतरते, म्हणून ही चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

प्रोकॅल्सिटोनिनचा, म्हणजे जिवाणूंच्या संसर्गात रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचा, प्रश्न सहसा पुढच्या टप्प्यावर येतो. पहिल्या आठवड्यातील ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी अनेकदा दाहामुळेच असतात, संसर्गामुळे नव्हे, आणि मृत ऊतींना संसर्ग होतो तो बहुतेकदा दुसऱ्या आठवड्यानंतर. केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविके देण्याने फायदा होत नाही हे आता मान्य झाले आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोकॅप’ चाचणीत प्रोकॅल्सिटोनिनच्या आकड्यावरून प्रतिजैविके सुरू करण्याचा वा थांबवण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्यांचा वापर कमी झाला आणि रुग्णांचे नुकसान झाले नाही. ज्या रुग्णालयात ही चाचणी होते तिथे ताप आल्यावर तिचा विचार जरूर व्हावा.

आता आपल्या भावाविषयी. पुढील २४ तासांत युरिया आणि हिमॅटोक्रिट खाली वळतात का, क्रिएटिनिन स्थिर आहे का आणि ४८ तासांची सीआरपी किती येते, हे चार आकडे मी पाहीन. आणि त्यांच्या आधी पाहीन ते श्वास मिनिटाला वीसहून जलद चालतो का, नाडी नव्वदच्या खाली येते का, लघवी तासागणिक पुरेशी होते का आणि रुग्ण नीट बोलतो का. अहवाल चांगला आणि रुग्ण अस्वस्थ असे चित्र असेल तर रुग्णावर विश्वास ठेवावा. धाप लागणे, लघवी कमी होणे, असंबद्ध बोलणे किंवा हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या अहवालाची वाट न पाहता लगेच परिचारिकेला बोलवा. युरिया चढलेला आणि हिमॅटोक्रिट पुरेसे न उतरलेले असताना रुग्णाला अतिदक्षता विभागात किंवा तशी सोय जवळ असलेल्या ठिकाणी ठेवण्याचा सल्ला मिळाला, तर तो मान्य करावा असे मला वाटते. सीटी स्कॅनची घाई मात्र करू नये. निदानाबद्दल शंका नसेल तर ऊतिनाश स्पष्ट दिसण्यासाठी तीन-चार दिवस जावे लागतात आणि आधी केलेला स्कॅन खोटा दिलासा देऊ शकतो.

भाऊ बरा होऊन घरी आल्यावरही काही चाचण्या बाकी राहतील. कारण सापडले नसेल तर उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम पुन्हा तपासून घ्यावे, कारण आजाराच्या काळात कॅल्शियम उतरल्यामुळे कॅल्शियम वाढवून हा आजार घडवू शकणारा पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार झाकला जाऊ शकतो. ऊतिनाश झालेला असल्यास काही महिन्यांनी रक्तशर्करा आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) तपासावे, कारण अशा रुग्णांपैकी काहींना पुढे मधुमेह होतो. लायपेज मात्र पुन्हा तशीच वेदना उठल्याशिवाय तपासण्याचे कारण नाही.